छप्पर महापालिकेचं, तारखा कुणाच्या?

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या सिएटलला मुलाकडे राहायला गेलेल्या एका पुणेकर गृहस्थांनी तिथल्या क्लायमेट प्लेज एरिना या बंदिस्त स्टेडियममध्ये गाण्याचा कार्यक्रम पाहिला. दोनच दिवसांनी त्याच जागेवर बर्फावरच्या हॉकीचा सामना रंगला. ही वास्तू सिएटल शहराच्या मालकीची आहे असं कळल्यावर त्यांनी विचारलंय की पुणे महापालिकेला असं काही का जमलं नाही, आणि स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर छप्पर घातलं तर काम भागेल का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: नाही भागणार. कारणं पुढे येतीलच. पहिल्या भागाचं उत्तर मात्र सविस्तर द्यावं लागेल. पुण्यात स्टेज, ध्वनी आणि प्रकाशाची कामं करण्यात माझी हयात गेली आहे. गणेश कला क्रीडा मंच, बालेवाडी, शाळांची मैदानं, लॉन्स, सगळीकडे ट्रस, म्हणजे दिवे-स्पीकर टांगायचे धातूचे सांगाडे, उभे केलेत. या अनुभवातून माझं एक ठाम मत झालंय: अशा वास्तूचं भवितव्य बांधकामाच्या वेळी जेवढं ठरतं, त्याहून जास्त तिच्या तारखा कुणाच्या हातात आहेत यावर ठरतं. सिएटलच्या या एका इमारतीचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर ते स्पष्ट दिसतं.

१९६२ साली सिएटलमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी वॉशिंग्टन राज्याचं दालन म्हणून ही इमारत उभी राहिली. वास्तुविशारद पॉल थिरी. त्यांनी मध्ये एकही खांब न घेता तंबूसारखं चार उतारांचं छप्पर दिलं आणि त्याचा सगळा भार चार दिशांच्या प्रचंड काँक्रीट टेकूंवर नेला. प्रदर्शन उरकल्यावर ही इमारत शहराकडे आली आणि तिचं कलोसियम, म्हणजे मोठं क्रीडागृह, झालं. म्हणजे मुळात ती खेळासाठी बांधलेली नव्हती आणि गाण्यासाठीही नव्हती. खांब नसलेली मोठी मोकळी जागा, एवढंच तिचं भांडवल. १९६४ मध्ये बीटल्स तिथे गाऊन गेले आणि १९६७ पासून सुपरसॉनिक्स हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ तिथे खेळू लागला.

छपराची दुखणी लवकरच सुरू झाली. सिएटल हे पावसाचं गाव. ५ जानेवारी १९८६ रोजी सुपरसॉनिक्स आणि फिनिक्स सन्स यांचा सामना चालू असताना छपरातून लाकडी कोर्टवर पाणी टपकू लागलं. खेळाडू घसरायला लागले, सामना थांबवावा लागला आणि उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी झाला. बंदिस्त जागेतला बास्केटबॉलचा सामना पावसामुळे अडल्याचं एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण म्हणून सांगतात. पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत जे मांडवाखाली काम करतात, त्यांना या गोष्टीचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. वीज, पाणी आणि माणसं एका छपराखाली आली की देखभाल हा हौसेचा भाग राहत नाही.

१९९४-९५ मध्ये शहराने मोठी डागडुजी काढली. छप्पर जागेवर ठेवून आतली जमीन सुमारे ३५ फूट खाली खोदली, बैठक वाढवली, एका बँकेचं नाव पैसे घेऊन इमारतीला दिलं. संघ वर्षभर शेजारच्या टॅकोमा गावात खेळला. काम देखणं झालं, पण ते केलं गेलं बास्केटबॉलच्या मापाने. बास्केटबॉलचं कोर्ट साधारण २८ बाय १५ मीटर. बर्फाच्या हॉकीचं मैदान ६१ बाय २६ मीटरच्या आसपास. एकाच्या मापाने खुर्च्या लावल्या की दुसरा खेळ त्यात मावत नाही. मावला तरी खूपशा खुर्च्यांवरून अर्धं मैदान दिसत नाही. तिथे खेळणारा ज्युनियर हॉकी संघ पुढे, २००९ मध्ये, केंट नावाच्या उपनगरातल्या नव्या स्टेडियममध्ये निघून गेला. बहुउद्देशीय ही पाटी लावणं सोपं असतं. आराखड्याच्या पहिल्या दिवशी कुठल्या खेळाची चौकट जमिनीवर आखली, त्यावर पुढची तीस वर्षं ठरतात.

मग मुख्य भाडेकरू असलेला सुपरसॉनिक्स संघच गेला. २००६ मध्ये संघाची मालकी बदलली. नव्या मालकांना सार्वजनिक पैशातून नवं, मोठं स्टेडियम हवं होतं. त्याच वर्षी सिएटलच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला की व्यावसायिक संघांवर शहराने असा खर्च करू नये. करार २०१० पर्यंतचा होता, म्हणून शहर कोर्टात गेलं. शेवटी २००८ मध्ये साडेचार कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. चाळीस वर्षं शहराचा असलेला संघ गेल्याचं दुःख तिथल्या लोकांना अजून आहे, आणि ते मला पूर्ण समजतं. इमारत मात्र बंद पडली नाही. महिलांचा स्टॉर्म हा बास्केटबॉल संघ होता, गाण्याचे कार्यक्रम होते. मुख्य भाडेकरू नसल्यामुळे शनिवार-रविवारच्या चांगल्या तारखा मोकळ्या झाल्या आणि कार्यक्रमांवर तिने दहा वर्षं काढली.

पुढचा टप्पा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात तो. २०१७ मध्ये छपराला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, त्यामुळे पाडून नवं बांधण्याचा मार्गच बंद झाला. तेव्हा ते सुमारे २० हजार टनांचं छप्पर तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोलून धरलं, खालची जुनी इमारत काढून टाकली आणि आणखी खोल खोदून जवळपास दुप्पट जागेचं नवं संकुल छपराखाली बांधलं. शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च आला आणि तो खाजगी चालक कंपनीने उचलला. जमीन, छप्पर आणि वास्तू शहराचीच राहिली. चालवण्याचा हक्क दीर्घ कराराने कंपनीला मिळाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये दारं उघडली. १९८६ मध्ये जे छप्पर गळत होतं, त्याच छपरावरचं पावसाचं पाणी आता साठवून हॉकीच्या बर्फासाठी वापरतात. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत आवडते.

दोन दिवसांत गाण्याचं हॉकी कसं होतं, तेही सांगतो, कारण तोच आमच्या धंद्याचा गाभा आहे. बर्फ वितळवत नाहीत. त्यावर थंडी अडवणारे जाड पत्रे अंथरतात, त्यावर लाकडी कोर्ट किंवा स्टेज बसवतात. पुढच्या खुर्च्यांचे टप्पे कपाटाच्या खणासारखे आत सरकतात. कार्यक्रमाचे ट्रक थेट आत येऊन सामान उतरवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पीकर, दिवे, पडदे छताला टांगतात. मोठ्या दौऱ्याचा कार्यक्रम छताला ४०-५० टन वजन सहज लावतो. छप्पर आखतानाच हे वजन हिशेबात धरलेलं असेल तर सकाळी आलेला कार्यक्रम त्याच रात्री वाजतो.

आता पुण्याकडे येऊ. आपली महापालिका १९५० ची. १९६१ च्या पानशेतच्या पुरातून सावरत असतानाच या शहराने १९६२ मध्ये संभाजी उद्यानाच्या शेजारी एका नाट्यगृहाची पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते केली आणि २६ जून १९६८ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पु. ल. देशपांडे या कामात मनापासून गुंतले होते. लगेच १९६९ मध्ये स्वारगेटला नेहरू स्टेडियम आलं. एका वर्षाच्या अंतराने शहराने एक घर कलेला दिलं आणि एक खेळाला. त्या काळाच्या मानाने हा निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. नाटकाला हजार माणसांच्या आत राहणारं, न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारं सभागृह लागतं. क्रिकेटला मोकळं आकाश लागतं. दहा हजार लोकांसमोर ध्वनिक्षेपकावर गाणं हा प्रकार तेव्हा आपल्याकडे नेमाने होतच नव्हता.

नेहरू स्टेडियमला लोक आता कमी लेखतात, त्याचं मला वाईट वाटतं. ११ एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने तिथे झाले. डिसेंबर १९८४ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिलीप वेंगसरकरांनी शतक केलं आणि माइक गॅटिंगने शतकानेच उत्तर देऊन सामना काढला. १९८७ च्या विश्वचषकातली इंग्लंड-श्रीलंका लढत इथे झाली. आणि २९ फेब्रुवारी १९९६! केनियाने १६६ धावा केल्या, त्या वेस्ट इंडिजला पुरून उराव्यात असं कुणालाच वाटलं नव्हतं. रजब अलीच्या चेंडूवर ब्रायन लाराचा झेल चष्मा लावलेल्या यष्टिरक्षक तारिक इक्बालने धरला आणि मग डाव गडगडला तो ९३ वर. मॉरिस ओडुंबेने १५ धावांत तीन बळी घेतले. विश्वचषकाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी एक आपल्या सारसबागेशेजारी घडला आहे. तिथे त्याची नीट दिसेल अशी नोंद असायला हवी.

तरीही ते मैदान बहुउद्देशीय होऊ शकलं नाही, आणि याचं कारण पंचांगात आहे. पुण्यात मोकळ्या आकाशाखाली मोठा कार्यक्रम करायचा तर हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्यापुढे उन्हाळा, मग वळीव, मग पाऊस. क्रिकेटचा हंगामही तोच. रणजीचा सामना चार दिवसांचा, त्याआधी खेळपट्टीची तयारी, नंतर हिरवळीची विश्रांती. अशा मैदानात सामानाचे ट्रक आणि जनरेटर फिरवायचे, हजारो माणसं गवतावर उभी करायची, हे मैदान सांभाळणाऱ्याला परवडणारं नाही. त्याचा नकार अगदी रास्त असतो. म्हणजे ज्या महिन्यांत कार्यक्रम हवेत त्याच महिन्यांत मैदान अडलेलं, आणि उरलेल्या महिन्यांत दोघांनाही पाऊस नको. पुढे तिकिटांच्या वाटपावरून महापालिका आणि क्रिकेट संघटना यांच्यात मतभेद झाले, संघटनेने द्रुतगती मार्गालगत गहुंजेला स्वतःचं स्टेडियम बांधलं आणि २०१२ पासून आंतरराष्ट्रीय सामने तिकडे गेले. सिएटलप्रमाणे इथेही मुख्य भाडेकरू गेला. फरक असा की सिएटलच्या इमारतीला छप्पर होतं, त्यामुळे दुसरं उत्पन्न होतं. आपल्याकडे उरलं ते उघडं मैदान.

त्यावर छप्पर का नको? क्रिकेटची सीमारेषा मधल्या खेळपट्टीपासून ६५-७० मीटरवर असते. भोवतीच्या बैठकीसकट झाकायचं तर मध्ये खांब न घेता दोनशे मीटरच्या आसपासचा गाळा पेलावा लागेल. मेलबर्नच्या डॉकलँड्समध्ये २००० साली असं उघडझाप होणारं छप्पर केलं, पण ती वास्तू पन्नास हजारांची आहे आणि तिच्यामागे फुटबॉलचा अख्खा हंगाम उभा आहे. आपल्याला ज्या खेळांसाठी छप्पर हवं त्यांची मापं बघा: कबड्डीचं मैदान १३ बाय १०, बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१, हँडबॉलचं ४० बाय २० मीटर. एवढ्याशा जागेभोवती क्रिकेटच्या अंतरावर प्रेक्षक बसवले तर त्यांना दुर्बीण घेऊन यावं लागेल. शिवाय त्या भागातल्या मुलांचं खेळायचं मोकळं मैदान जाईल, ते वेगळंच.

त्याच परिसरात महापालिकेचा गणेश कला क्रीडा मंच आहे. कला आणि क्रीडा एकाच छपराखाली, ही कल्पना त्याच्या नावातच आहे, म्हणजे शहराला ती सुचली नव्हती असं नाही. १९८९ ला सुरू झालेल्या पुणे फेस्टिव्हलने ही जागा घराघरांत पोचवली. लावणी, मुशायरा, नृत्य, राजकीय मेळावे, संमेलनं, सगळं तिथे होतं. खेळाचा वाटा मात्र त्या मानाने लहान राहिला. माझ्या मते याचं कारणही तारखांच्या वहीत आहे. मेळावा एका दिवसाचं पूर्ण भाडं देतो. खेळाच्या संघटनेला चार दिवस लागतात, त्यातला एक तयारीचा, आणि तिच्याकडे पैसे कमी. ठरवून राखीव तारखा ठेवल्या नाहीत तर वही आपोआप मेळाव्यांनी भरते. यात कुणाचा दुष्टावा नसतो.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल याच्या उलट टोकाला. ते राज्य सरकारचं, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथे झाल्या. तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये प्रो कबड्डीचे सामने झाले आहेत आणि तिथे पुणेरी पलटण या शहराच्या संघाच्या चढाईला उठणारा आवाज ऐकला की या शहराला बंदिस्त खेळाची किती भूक आहे ते समजतं. पण खेळाच्या हॉलमध्ये गाणं लावणं ही आमच्या लोकांसाठी परीक्षा असते. पत्र्याचं छत, गुळगुळीत भिंती, लाकडी जमीन. आवाज घुमून विरायला चार-पाच सेकंद लागतात. कबड्डीला तो घुमारा आवडतो, कारण गर्दी दुप्पट वाटते. तबल्याचा एक कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) तिथे वाजवून बघा, बोलांचा लगदा होतो. ध्वनिक्षेपकावरच्या गाण्याला एवढ्या मोठ्या जागेत हा काळ दोन सेकंदांच्या आत हवा. त्यासाठी छताखाली आणि भिंतींवर आवाज शोषणारे थर बांधतानाच द्यावे लागतात. मागाहून टांगलेल्या पडद्यांनी थोडंफार भागतं, पण तेवढंच.

मग पुण्यातले मोठे कार्यक्रम होतात कुठे? मैदानात, मांडव घालून. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. रमणबागेच्या मैदानात तो वर्षानुवर्षं झाला, २०१८ पासून मुकुंदनगरला. पूर्वी त्याची शेवटची मैफल पहाटेपर्यंत चाले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण त्यातले बहुतेक दिवस गणेशोत्सव, नवरात्र अशा सणांकडे जातात, आणि ते साहजिक आहे. याच नियमात बंदिस्त सभागृहाला मोकळीक आहे, आवाज बाहेर गेला नाही तर. पुण्याला छपराखालच्या मोठ्या जागेची गरज आहे असं मी जे कळकळीने सांगतो, त्याचं सर्वांत मोठं कारण हे. उत्तररात्रीचे राग या शहरात मोठ्या श्रोतृवर्गासमोर ऐकायला मिळावेत, आणि शेजारच्या घरातल्या आजारी माणसाची झोपही मोडू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी फक्त जाड भिंतींच्या आत शक्य आहेत.

मांडवाचा खर्चही लक्षात घ्या. छताला काही टांगता येत नाही म्हणून जमिनीवरून ट्रसच्या कमानी उभ्या करायच्या, वाऱ्यासाठी त्यांना वजनं बांधायची, जनरेटर आणायचे, फिरती स्वच्छतागृहं आणायची आणि तीन-चार दिवसांनी सगळं उपटून न्यायचं. २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीसाठी कोथरूडला अशीच तात्पुरती क्रीडानगरी उभारली होती. यात माझ्यासारख्यांना काम मिळतं हे खरं, तरी दरवर्षी विरघळून जाणाऱ्या या पैशातून शहराच्या हाती काही राहत नाही.

म्हणून पुण्यासाठी माझा सल्ला विचाराल तर आठ ते दहा हजारांची बैठक पुरे. सिएटलसारख्या अठरा हजारांच्या मागे लागू नये, ती रोज भरणार नाही. मधली सपाट जमीन हँडबॉलच्या मापाहून चांगली मोठी ठेवावी, म्हणजे कबड्डी, कुस्ती, बॅडमिंटन, बास्केटबॉल सगळं आत बसतं. पुढच्या खुर्च्या सरकत्या असाव्यात. मधल्या भागात छत जमिनीपासून बारा-साडेबारा मीटर मोकळं हवं, कारण बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलच्या मोठ्या स्पर्धांना तेवढी उंची लागते. जागा मेट्रोला लागून असावी. स्वारगेटचं भुयारी स्थानक २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून त्या परिसराचं गणित बदललंय. क्रिकेटच्या मैदानाला हात न लावता आसपासची जुनी बांधकामं आणि वाहनतळ यांचा एकत्र विचार केला तर जागेचा शोध तिथूनच सुरू व्हावा असं मला वाटतं.

आणि तारखा. जमीन व वास्तू महापालिकेची, चालवणारा कराराने बांधलेला, आणि करारातच खेळाच्या संघटना, महापालिकेच्या शाळा, कुस्ती आणि शास्त्रीय संगीत यांच्यासाठी कमी भाड्याचे राखीव दिवस नावानिशी लिहिलेले. त्यात शनिवार-रविवारही हवेत, नाहीतर मंगळवारच्या दुपारी राखीव ठेवून उपयोग नाही. दरवर्षी उत्पन्नाचा ठराविक हिस्सा फक्त छप्पर, वीज आणि अग्निसुरक्षेसाठी बाजूला पडायला हवा, आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी अटही.

तुम्ही परत आल्यावर तुमच्या प्रभागात कुणी अशा संकुलाचं रंगीत चित्र दाखवलं तर तीन गोष्टी विचारा. छताच्या कुठल्या बिंदूला किती वजन टांगता येईल, सामानाचा ट्रक कुठल्या दाराने आत येईल, आणि पहिल्या वर्षाच्या तारखांचा मसुदा कुठे आहे.